नवोदित समाजकार्यकर्ता आणि आठवड्यातील एक तास

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठीत ‘समाजसेवा’ हा शब्द जुना आणि ‘समाजकार्य’ हा त्या मानाने अलीकडचा. ऐकताना दोहोंत फारसा फरक जाणवत नाही. पण या वर्षी ज्यांच्या हाती समाजकार्याची पदव्युत्तर पदवी पडली आहे, त्या तरुण-तरुणींचे नोकरीचे पहिले वर्ष या दोन शब्दांमधील अंतर कापण्यातच जाणार आहे.

समाजसेवा म्हटले की मराठी मनापुढे काही थोर मूर्ती उभ्या राहतात. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांच्या आश्रमाचे काम आरंभिले. विसाव्या शतकाच्या मध्यास बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसविले. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी गणपतीच्या मूर्तीबरोबर आणि दिवाळी अंकांबरोबर ही नावेही जपली आणि मुलांना सांगितली. त्याचा अभिमान योग्यच आहे. मात्र या अभिमानाच्या आडोशाने घराघरांत तीन समजुती घट्ट बसल्या: सेवा ही विनामूल्य करावयाची असते, ती मनाच्या ओढीने करावयाची असते, आणि ज्याला ओढ आहे त्याला थकवा येत नाही. तिन्ही अपुऱ्या आहेत. त्यांतील तिसरी सर्वांत घातक. स्वतः कर्वे १८९१ ते १९१४ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून पगार घेत होते, ही गोष्ट त्यांचे चरित्र सांगताना बहुधा घाईने उरकली जाते.

दुसऱ्या शब्दामागील कल्पना या देशात शिक्षणाच्या रूपाने आली ती १९३६ मध्ये. त्या वर्षी मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था सुरू झाली. तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी त्यापूर्वी नागपाड्याच्या वस्तीत अनेक वर्षे काम केले होते. नुसत्या दयेने भागत नाही, दुसऱ्याच्या आयुष्यात हात घालणाऱ्याला शिक्षण हवे, हा त्या वस्तीतून निघालेला निष्कर्ष होता. पुढे १९४६ मध्ये लखनौ येथे आरंभ होऊन लवकरच दिल्लीस गेलेली संस्था, बडोद्याची विद्याशाखा, १९६३ मधील पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था अशी ही परंपरा वाढत गेली. पुण्याच्या संस्थेने शिक्षण समाजकार्याचे दिले आणि नाव समाजसेवेचे ठेवले, यातही त्या काळाचे मन दिसते.

आता स्थिती अशी की पदवी नव्या कल्पनेची आणि लोकांची अपेक्षा जुन्या कल्पनेची. ‘पगार घेऊन कसली समाजसेवा?’ हा प्रश्न मराठी घरात जेवणाच्या पानावर विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पगाराचा आकडाही पाहून ठेवावा. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जिल्हा बाल संरक्षण कक्षातील सामाजिक कार्यकर्त्याचे मानधन दरमहा १८,५३६ रुपये आहे, आणि एका जिल्ह्यासाठी अशी पदे दोन. जिल्हा लहान असो वा दोनशे किलोमीटर लांबीचा असो, पदे दोनच. नेमणूक कंत्राटी.

चित्र स्पष्ट व्हावे म्हणून एक कल्पित कार्यकर्ती डोळ्यांसमोर आणावी. हिंदीभाषक प्रांतातील एका जिल्ह्याच्या शहरी ती वाढली. दहावीपर्यंत अशाच एखाद्या मराठी शाळेत शिकली, पुढे हिंदीत, आणि पदव्युत्तर शिक्षण इंग्रजीत. वय चोवीस. बाल संरक्षण कक्षात रुजू होऊन तिला दोन महिने झाले आहेत.

एके दिवशी रेल्वे सुरक्षा दलाचे जवान फलाटावर एकटा भटकणारा बारा वर्षांचा मुलगा ताब्यात घेतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अशा मुलाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य. समिती मुलाला तात्पुरते बालगृहात ठेवते आणि त्याच्या घरची चौकशी करण्याचा आदेश देते. चौकशीला मुदत पंधरा दिवसांची. आदेशाचा कागद फिरत फिरत या कार्यकर्तीच्या टेबलावर येतो तेव्हा त्यांतील पाच दिवस सरलेले असतात.

बसने आणि मग वाट्याच्या रिक्षाने ती त्या वस्तीत पोहोचते. एका खोलीचे घर. मुलाची आई साड्यांना फॉल लावण्याचे काम करते. सावत्र वडील दाराच्या चौकटीला टेकून उभे आहेत. चहा येतो. कार्यकर्ती विचारते, घरात काही भांडण, मारहाण? आई सुईत दोरा ओवता ओवता म्हणते, “ठीक ही है, दीदी. लड़का थोड़ा ज़िद्दी है.” निघताना ती कार्यकर्तीचा हात धरते आणि मुलाला परत आणून द्या म्हणते. बालगृहात भेटलेल्या मुलाने एकदा घरी जायचे म्हटले होते, एकदा नाही म्हटले होते, आणि तिसऱ्या वेळी तो नुसताच खिडकीबाहेर पाहत राहिला होता.

रात्री ती अहवाल लिहिते. घराच्या स्थितीच्या रकान्यात: एक खोली, पक्के बांधकाम, वीज आहे. कौटुंबिक संबंधांच्या रकान्यात: सलोख्याचे. शिफारस: मुलाला पालकांच्या स्वाधीन करावे, पुढे भेटी द्याव्यात. शिफारस कायद्याला धरूनच होती. मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय समजावा, असे अधिनियमाच्या मूलतत्त्वांतच म्हटले आहे. समिती शिफारस मान्य करते. तीन आठवड्यांनी तोच मुलगा त्याच स्थानकावर पुन्हा सापडतो, आणि या वेळी त्याच्या पाठीवर वळ असतात.

त्या संध्याकाळी ती घरी येते आणि पान समोर तसेच ठेवून बसते. आई विचारते, “अगं, काय झालं? जेवत का नाहीस?” ती म्हणते, “काही नाही गं.”

हे ‘काही नाही’ नीट समजून घेण्याजोगे आहे. मुलगी आईपासून काही लपवीत आहे असा त्याचा अर्थ नव्हे. अधिनियमाचे कलम ७४ अशा मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करते. आणि कलम नसते तरी व्यवसायाची नीती तेच सांगते. शिक्षक घरी येऊन वर्गातल्या गमती सांगू शकतो. बँकेतला माणूस साहेबाविषयी कुरकुर करू शकतो. या मुलीला तिच्या दिवसातला सर्वांत जड भाग घराच्या उंबरठ्याबाहेर ठेवूनच आत यावे लागते. प्रश्न असा की मग तो ठेवायचा कोठे? कार्यालयात तरी त्याला जागा आहे काय?

कार्यालयात आढावा बैठक असते. तीत विचारले जाते: महिन्यात किती भेटी झाल्या, किती अहवाल प्रलंबित आहेत, संकेतस्थळावर माहिती भरली काय. हे प्रश्न गैर नाहीत, सरकारी पैशाचा हिशेब द्यावाच लागतो. परंतु ‘त्या घरातून निघताना तुला काय वाटले?’ हा प्रश्न त्या बैठकीत कोणी विचारीत नाही, आणि वरिष्ठाला तो विचारण्याचे शिक्षणही मिळालेले नसते. पुष्कळदा वरिष्ठाची विद्याशाखाच वेगळी असते.

आणि गंमत अशी की विद्यार्थिदशेत हा प्रश्न तिला दर आठवड्याला विचारला जात होता. समाजकार्याच्या शिक्षणात वर्गातील तासांइतकेच क्षेत्रकार्याला महत्त्व असते. आठवड्यातील साधारण दोन दिवस विद्यार्थी एखाद्या रुग्णालयात, वस्तीत, न्यायालयात वा बालगृहात काम करतो. काय घडले, कोण काय म्हणाले, स्वतःच्या मनात काय आले, हे सारे तो वहीत उतरवतो. ती वही अध्यापक वाचतात आणि मग विद्यार्थ्याला एकट्याला बसवून तिच्यावर चर्चा करतात. इंग्रजीत याला सुपरव्हिजन म्हणतात, मराठी पाठ्यपुस्तकांत पर्यवेक्षण. परीक्षेच्या खोलीतल्या पर्यवेक्षकामुळे मराठीत हा शब्द उगीचच धाक दाखवतो. वस्तुतः इथे तो सोबतीच्या अर्थाने आहे. पदवीदान समारंभ होतो, टोपी हवेत उडते, आणि दुसऱ्या दिवसापासून तो तास नाहीसा होतो. शिकत असताना, जेव्हा चुकीची जबाबदारी संस्थेवर होती, तेव्हा आधार होता. आता तिच्या सहीवर एका मुलाचे घर ठरते, तेव्हा आधार नाही.

इतर व्यवसाय असे करीत नाहीत. वैद्यकीय पदवीपूर्वी एक वर्ष प्रशिक्षणार्थी म्हणून रुग्णालयात काढावे लागते. नवा वकील कोणा ज्येष्ठाच्या कचेरीत खटल्यांच्या फायली उचलीत शिकतो. इंग्लंडमध्ये २०१२ पासून नव्याने पात्र ठरलेल्या समाजकार्यकर्त्यासाठी नोकरीचे पहिले वर्ष ‘आधाराचे वर्ष’ म्हणून आखलेले आहे. त्यात कामाचा बोजा सुमारे दहा टक्क्यांनी कमी ठेवतात; पहिले सहा आठवडे दर आठवड्याला, मग सहा महिन्यांपर्यंत पंधरवड्याला आणि पुढे महिन्याला वरिष्ठाशी चिंतनपर चर्चा व्हावी अशी अपेक्षा असते. तिकडे सारे आलबेल आहे असे नव्हे. तेथेही माणसे थकतात आणि नोकरी सोडतात. पण पहिले वर्ष कठीण असते ही गोष्ट तेथील व्यवस्थेने कागदावर तरी मान्य केली आहे. भारतात डॉक्टर-वकिलांप्रमाणे सर्व समाजकार्यकर्त्यांची नोंदणी करणारी वैधानिक परिषद नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय अधिनियमात वैद्यकीय आणि मनोरुग्णसेवेतील समाजकार्यकर्त्यांना स्थान मिळाले, तेवढेच.

या देशात उदाहरणच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. १९८४ मध्ये टाटा संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलिसांच्याच इमारतीत बसून घरातल्या हिंसेने गांजलेल्या स्त्रियांना साहाय्य करू लागल्या. खाकी गणवेशाच्या गर्दीत साध्या साडीतल्या तरुण कार्यकर्तीचे म्हणणे ऐकले जावे, हे सोपे नव्हते. हे कक्ष पुढे महाराष्ट्रभर आणि इतर राज्यांतही गेले. ते टिकले यामागे अनेक कारणे असतील. त्यांतले एक हे की कार्यकर्ती पोलीस ठाण्यात बसत असली तरी तिच्या पाठीशी तिच्याच व्यवसायाची संस्था होती. आजचे अवघड प्रकरण घेऊन जाण्याचे एक ठिकाण तिला होते.

ते ठिकाण नसले म्हणजे काय होते? आपली कल्पित कार्यकर्ती त्या संध्याकाळनंतर कोणत्या वाटेला जाईल?

काही जण नोकरी सोडतात आणि बँकेच्या परीक्षेला बसतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. समाजाचे नुकसान होते, पण त्या व्यक्तीचे बहुधा भलेच होते. काही जण याच्या उलट करतात. स्वतःचा खासगी दूरध्वनी क्रमांक प्रत्येक घरी देऊन येतात, पगारातून कोणाचे भाडे भरतात, रात्री अकराला फोन आला तरी धावतात, रविवारी वस्तीत जातात. अशा कार्यकर्त्याचे कौतुक होते, सत्कारही होतो. दोन वर्षांनी तो आजारी पडतो, आणि ज्या कुटुंबांना त्याच्यावर विसंबायची सवय लागली ती एकदम उघडी पडतात. पोक्सो कायद्याच्या संदर्भात ही गोष्ट विशेष टोचते. एखादी मुलगी ‘कोणाला सांगणार नाही ना, दीदी?’ असे विचारते, आणि नवखी दीदी मायेपोटी ‘नाही’ म्हणून बसते. मग मुलगी जे सांगते ते पोलिसांना कळवणे २०१२ च्या त्या कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक असते. शब्द मोडावा लागतो, आणि मुलीचा मोठ्या माणसांवरचा उरलासुरला विश्वासही जातो. ‘काही गोष्टी मला सांगाव्या लागतील, पण तुला विचारल्याशिवाय आणि तुला सोबत घेतल्याशिवाय नाही’, हे वाक्य आधी म्हणायचे असते. पुस्तकात ते आहे. जिभेवर यायला कोणी तरी जवळ बसून ते म्हणून घ्यावे लागते.

पण या दोहोंपेक्षा काळजीचा आहे तो तिसरा प्रकार, कारण तो कोणाच्या लक्षात येत नाही. कार्यकर्ता राहतो, काम करतो, अहवाल वेळेवर देतो, फक्त घट्ट होत जातो. एकदा घरी पाठवण्याची शिफारस चुकली, आता पुन्हा तो धोका पत्करायचा नाही, असे त्याचे मन ठरवते. त्यानंतरच्या अहवालांचे शब्द एकमेकांसारखे होऊ लागतात. पालक बेफिकीर, परिस्थिती प्रतिकूल, बालगृहात ठेवणे हिताचे. अशा शिफारशीवर कोणी बोट ठेवीत नाही, कारण बालगृहातला मुलगा फलाटावर सापडत नाही. ज्या मुलाला थोड्या मदतीने आईजवळ राहता आले असते तो तीन-चार वर्षे लोखंडी खाटांच्या रांगेत काढतो. एका तरुण कार्यकर्तीला जो तास मिळाला नाही त्याची किंमत अशी दुसऱ्याच कोणाच्या तरी बालपणातून वसूल होते, आणि ती कोणत्याही आढावा बैठकीत मांडली जात नाही.

अर्थात नवे कार्यकर्ते काही हातावर हात ठेवून बसत नाहीत. निभावण्याच्या वाटा ते शोधतात, आणि त्यांतल्या काही फार शहाणपणाच्या आहेत. एका शहरात नोकरीला लागलेले चार-पाच वर्गमित्र महिन्यातून एका रविवारी भेटतात आणि नाव-गाव न घेता आपली प्रकरणे एकमेकांपुढे मांडतात. कोणी महाविद्यालयातली वहीची सवय सोडत नाही. रोज नाही तरी आठवड्याला दोन पाने लिहितो. कोणी कामासाठी वेगळे सिमकार्ड घेतो आणि रात्री आठनंतर ते बंद ठेवतो, पण त्याआधी तातडीच्या वेळी कोठे फोन करायचा हे प्रत्येक कुटुंबाला लिहून देतो. कोणी घराच्या एक थांबा आधी बसमधून उतरून चालत येतो, म्हणजे वस्तीतला चेहरा घेऊन घरात शिरावे लागत नाही. या गोष्टी क्षुल्लक वाटतात; निभावण्याची साधने बहुधा क्षुल्लकच असतात.

आणखी एक वाट आहे, ती मात्र पदवीचा ताठा उतरल्यावाचून सापडत नाही. वस्तीतली अंगणवाडी सेविका वीस-वीस वर्षे तेथे असते. एकात्मिक बाल विकास सेवा योजना १९७५ ची. काही सेविकांनी आई आणि तिची मुलगी अशा दोन पिढ्यांच्या गरोदरपणाच्या नोंदी केलेल्या असतात. कोणत्या घरात संध्याकाळनंतर आवाज चढतो हे तिला ठाऊक असते. चोवीस वर्षांच्या उच्चशिक्षित कार्यकर्तीने तिच्याकडे जाऊन, चटईवर बसून ‘ताई, ज़रा बताइए’ म्हणायला धैर्य लागते. बालगृहातल्या स्वयंपाकीण बाई, समितीच्या कार्यालयातला कारकून, ठाण्यातला जुना हवालदार हेही असेच जाणकार. पहिल्या वर्षात ज्याने या माणसांशी सलोखा केला त्याचे दुसरे वर्ष हलके जाते.

येथे भाषेविषयी थोडे बोलणे अस्थानी होणार नाही, कारण ही शाळा मराठी माध्यमाची आहे आणि तिच्या भिंतीबाहेर दुसरी भाषा वाहते. येथले मूल घरात एका भाषेत रुसते, रस्त्यावर दुसऱ्या भाषेत भांडते आणि पुढे तिसऱ्या भाषेत परीक्षा देते. पालकांना याची चिंता वाटते. मुलगा मागे पडेल काय, असे ते विचारतात. समाजकार्यापुरते उत्तर असे की हे मूल एक कान कमावून बसते. त्या आईचे वाक्य आठवावे. ती ‘ठीक है’ म्हणाली नव्हती; ती म्हणाली होती ‘ठीक ही है’. मधला तो ‘ही’ मराठीतल्या ‘ठीकच म्हणायचं’ मधल्या ‘च’ सारखा आहे. तो समाधान सांगत नाही, विषय पुढे नेऊ नका असे सुचवतो. कार्यकर्तीने तो ऐकला असणार, कारण तिचे बालपण अशा शब्दांच्या ये-जेतच गेले. पण अहवाल इंग्रजीत लिहायचा होता. इंग्रजीत त्या ‘ही’ला जागा सापडली नाही, आणि रकान्यात ‘सलोख्याचे संबंध’ या अर्थाचा तयार शब्द उतरला. चुकीची सुरुवात तिथे झाली. ती निष्काळजीपणाची चूक नव्हती; ऐकलेले कोणाला तरी ऐकलेल्याच भाषेत सांगून पाहण्याची संधी मिळाली असती तर टळण्यासारखी होती.

या सभागृहात असे अनेक माजी विद्यार्थी असतील की जे आज कोणत्या ना कोणत्या धर्मादाय न्यासाचे विश्वस्त आहेत, कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीवर सही करतात, किंवा वाढदिवसाला एखाद्या बालगृहात जेवण देतात. त्यांनी संस्थेच्या अंदाजपत्रकात एक ओळ शोधून पाहावी. गाद्या, संगणक, सहल, मिठाई यांसाठी देणगीदार मिळतात. अनुभवी पर्यवेक्षकाच्या आठवड्यातील एका तासाच्या मानधनासाठी कोणी देणगी दिल्याचे क्वचितच आढळते. तो खर्च ‘प्रशासकीय’ म्हणून बाजूला पडतो, आणि प्रशासकीय खर्च कमी असणे हेच संस्थेच्या सचोटीचे लक्षण मानले जाते. परकीय देणग्यांच्या कायद्यातही २०२० च्या दुरुस्तीने या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. उधळपट्टीला आळा हवाच. पण काम करणाऱ्या माणसाला शाबूत ठेवण्याचा खर्च उधळपट्टीत मोडत नाही. निवृत्त झालेले समाजकार्याचे अध्यापक, रुग्णालयांत तीस वर्षे काढलेल्या वैद्यकीय समाजसेविका प्रत्येक मोठ्या शहरात आहेत. त्यांना महिन्यातून चारदा बोलावणे अगदी लहान संस्थेलाही अशक्य नाही.

आणि पालकांसाठी एवढेच की मुलगी ‘एमएसडब्ल्यू करते’ म्हणाली तर तिला ‘त्यात काय मिळणार?’ असे विचारण्यास हरकत नाही. तो प्रश्न रास्त आहे. त्याच्या जोडीला ‘तिथे तुझं ऐकायला कोण आहे?’ असेही विचारावे. नोकरीची मुलाखत देताना तिने हा प्रश्न संस्थेला विचारावा, असेही सांगावे. आणि ती ‘काही नाही गं’ म्हणेल तेव्हा खोदून विचारू नये. ताट झाकून ठेवावे.

आता त्या कल्पित कार्यकर्तीला आणखी एक कल्पित गोष्ट देऊन पाहू. मुलगा दुसऱ्यांदा सापडल्याच्या आठवड्यात, शुक्रवारी चार वाजता, तिच्यासमोर एक वयस्क बाई बसल्या आहेत. त्यांच्याकडे घाई नाही. त्या अहवाल वाचतात आणि ‘चुकलीस’ असे म्हणत नाहीत, ‘चुकली नाहीस’ असेही म्हणत नाहीत. त्या विचारतात: तू त्या घरी किती वाजता गेली होतीस? दारात कोण उभे होते? ते तेथे असताना आई तुझ्याकडे पाहून बोलत होती की सुईकडे? मुलाला वस्तीतच, घराबाहेर, एकट्याला भेटता येईल काय? सावत्र वडील कामावर केव्हा जातात? कार्यकर्ती एकेक उत्तर देत जाते, आणि देता देता तिच्याच लक्षात येते की त्या खोलीत तिने एक खाट पाहिली होती, शिलाई यंत्र पाहिले होते, कोपऱ्यात रचलेल्या साड्यांचा ढीग पाहिला होता. बारा वर्षांच्या मुलाचे अंथरूण कोठेच पाहिले नव्हते. बाई म्हणतात, मग या वेळी अकराच्या सुमारास जा, आणि आधी अंगणवाडीत डोकाव.

सोमवारी ती जाते. दारात कोणी नसते. आई एकटीच फॉल लावीत बसलेली असते. ती चहा ठेवायला उठू लागते. कार्यकर्ती नको म्हणून तिच्याजवळ जमिनीवरच बसते आणि साडीचे दुसरे टोक हातात धरते. थोडा वेळ दोघी काहीच बोलत नाहीत. मग ती विचारते, “और दीदी, ये सोता कहाँ है?”

आईची सुई थांबते. ती मागच्या दाराकडे, जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेकडे पाहते, आणि बोलू लागते.